ताठ मानेचा लसूण

लसणाला मान असते, आणि काही लसूण तर ताठ मानेचे असतात, ही गोष्ट मला वयाच्या बाहत्तराव्या वर्षी कळली. तोपर्यंत लसूण म्हणजे लसूण, एवढेच माझे ज्ञान होते. तसा मी लसणाविषयी अगदीच अडाणी नव्हतो. चौतीस वर्षे वाईच्या एका हायस्कुलात मी संस्कृत शिकवले. लसणाला संस्कृतात 'रसोन' का म्हणतात, हे दरवर्षी वर्गाला मोठ्या झोकात सांगत असे. सहा रसांपैकी एक आंबट रस तेवढा त्यात उणा. म्हणून रस अधिक ऊन, रसोन! विष्णूने राहूचे शिर उडवले तेव्हा अमृताचे थेंब भुईवर सांडले आणि त्यांतून लसूण उगवला, ही कथाही ओघाने सांगून होई. मात्र तो केव्हा लावतात, केव्हा काढतात, पुढच्या वर्षीचे बियाणे कसे राखतात, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. ते खाते मेधाच्या आईचे होते.

आमच्या घरामागे दोन वाफ्यांची जागा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाहून परतताना ती खटावकडच्या माहेराहून रुमालात बांधून मूठभर लसूण घेऊन आली आणि भाऊबीज झाल्याबरोबर तो तिने मागे लावला. तेव्हापासून हा नेम कधी चुकला नाही. दिवाळीनंतर लावायचा, शिमग्याच्या सुमाराला काढायचा, पातीची वेणी घालून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगायचा. लहान गड्डा, जांभळट साल, बारीक बारीक कुड्या. सोलता सोलता नखे दुखत. पण तिखट असा, की आमच्याकडे चटणी वाटली की शेजारी कळे. मोठमोठ्या कुड्या ती 'बियाण्याला' म्हणून बाजूला काढी आणि बारक्या माझ्यापुढे सोलायला टाकी. "चांगल्या तेवढ्या मातीला, आणि उरल्यासुरल्या नवऱ्याला!" असे मी म्हणे. ती नुसती हसे. खुलासा करण्याची तिला कधी गरज वाटली नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात ती गेली.

पुढे दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, मेधाच्या आग्रहावरून मी वर्षभरासाठी तिच्याकडे कॅनडात गेलो. ऑन्टॅरिओ प्रांतातले लहानसे गाव. घरामागे बऱ्यापैकी परसू. सप्टेंबरातल्या एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज स्ट्रॅटफर्डला जायचं." स्ट्रॅटफर्ड म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांसाठी नावाजलेले गाव, तिथल्या नदीचे नावसुद्धा एव्हन. मी आनंदाने इस्त्रीचा सदरा चढवला. लेक बापाला नाटकाला नेते आहे, अशी माझी समजूत. नेले ते लसणाच्या जत्रेला!

वाचकहो, मी पंढरीची वारी पाहिली आहे, मांढरदेवीची जत्रा पाहिली आहे. पण नुसत्या लसणासाठी माणसे जमलेली प्रथमच पाहिली. मांडवामागून मांडव, आणि प्रत्येकात लसूण. लिंबाएवढे, मोसंब्याएवढे गड्डे. कुठे दुधासारखे पांढरे, कुठे जांभळ्या रेघा ओढलेले. लोक ते हातात फिरवून, वजन अजमावून पाहत होते. एका विक्रेत्याने माझे आश्चर्य पाहून एक गड्डा आडवा कापला. मधोमध पेन्सिलीएवढा टणक दांडा, आणि त्याच्याभोवती एकाच ओळीत फेर धरून उभ्या राहिलेल्या पाच जाडजूड कुड्या. आपल्या लसणात कुड्यांवर कुड्या, थरावर थर असतात. हा प्रकारच निराळा.

"ही त्याची मान," तो म्हणाला. "हार्डनेक."

मेधाने मग मला वाटेत सगळे समजावून दिले. लसणाचे मुख्य घराणे दोन. एक मऊ मानेचा, सॉफ्टनेक. त्याला सहसा दांडा येत नाही, पात मऊ राहते, म्हणून तिची वेणी घालता येते, टिकतोही जास्त. बाजारात दिसतो तो बहुधा हाच. दुसरा हा ताठ मानेचा. उन्हाळा लागता लागता त्याच्या पोटातून फुलाचा दांडा वर येतो आणि वेटोळे घेतो. शास्त्रज्ञांनी त्याला 'ओफिओस्कोरोडॉन' असे नाव दिले आहे. ग्रीक भाषेत ओफिस म्हणजे साप आणि स्कोरोडॉन म्हणजे लसूण. सर्पलसूणच म्हणा ना!

या ताठ मानेच्या घराण्यातही पोटशाखा आहेत आणि स्वयंपाकघरात प्रत्येकीचा गुण वेगळा. रोकॅम्बोल हा चवीला सगळ्यांत भरदार आणि सोलायला सगळ्यांत सोपा. बोटाने दाबले की साल सुटते. पण टिकत नाही. पौष-माघापर्यंत मऊ पडू लागतो. तो आधी संपवावा. पोर्सलिन जातीत चार ते सहाच कुड्या, पण एकेक अंगठ्याएवढी. झणझणीत, आणि वसंतापर्यंत टिकणारी. तिच्यातला 'म्यूझिक' नावाचा वाण ऑन्टॅरिओत फार लोकप्रिय आहे. मला वाटले, हा खाऊन माणूस गाऊ लागत असेल, तर नाही. अल म्यूझिक नावाच्या शेतकऱ्याने तो १९८० च्या दशकात इटलीहून आणला, म्हणून त्याचे आडनाव चिकटले. तिसरी पर्पल स्ट्राइप, जांभळ्या रेघांची. तिच्यातला 'चेस्नोक रेड' जॉर्जिया देशातला. अख्खा गड्डा भट्टीत भाजला की खव्यासारखा मऊ आणि गोडसर होतो. चेस्नोक म्हणजे रशियन भाषेत लसूणच. म्हणजे आपण 'लसूण लाल' म्हणावे तसे झाले.

लसणाचे मूळ माहेर मध्य आशिया, तिएनशान पर्वताच्या आसपास. १९८९ साली सोव्हिएत सरकारने परवानगी दिल्यावर अमेरिकेच्या कृषिखात्याचे फिलिप सायमन आणि त्यांचे सहकारी त्या मुलखात हिंडले आणि नाना वाण गोळा करून आले. त्यांतले काही आज तिकडच्या लोकांच्या परसांत वाढत आहेत. हे ऐकताना मला एकदम कुचाची आठवण झाली. त्याच टापूतल्या कुचा गावी १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावरची एक प्राचीन संस्कृत पोथी लागली. वैद्यकावरच्या या पोथीचा पहिलाच भाग लसणाच्या गुणगानाचा आहे. मी ते मेधाला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुमचा लसूण पोथीतला. आता मातीतला बघा."

लावणी २८ ऑक्टोबरला केली. शनिवार होता आणि त्या दिवशी कोजागिरी होती. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे लसूण लावतात. तिकडेही जमीन गोठण्यापूर्वी, त्याच सुमाराला. आम्ही गड्डे फोडत असता कुंपणापलीकडचे आजोबा कागदी पिशवी घेऊन आले. वय ऐंशीच्या घरात, मूळचे युक्रेनचे. त्यांनी मेधाच्या हातात सहा गड्डे ठेवले. मी त्यांना वाणाचे नाव विचारले. ते म्हणाले, "नाव नाही. आईचा लसूण."

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या आईने गाव सोडले तेव्हा कोटाच्या अस्तरात तिने हा लसूण शिवून घेतला होता. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत तिने तो बराकीमागे दरवर्षी लावला आणि पाच वर्षांच्या या मुलाला घेऊन १९४९ साली जहाजाने कॅनडात उतरली तेव्हा तो तिच्याबरोबर उतरला. आजोबा सांगत होते आणि त्यांची बोटे कुड्या सुट्या करीत होती. साल काढायची नाही. शेंडा वर, बूड खाली. दोन इंच खोल, वीतभर अंतरावर. आणि सर्वांत मोठ्या कुड्या जमिनीला, बारक्या आपल्याला. कारण मोठ्या कुडीचाच मोठा गड्डा होतो.

माझा हात थांबला. चाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या विनोदाचे उत्तर मला परदेशात, परक्या माणसाच्या तोंडून मिळत होते.

"आणि गंमत अशी," आजोबा म्हणाले, "की लसणाला बी धरत नाही. दांडा येतो, गोंडा येतो. पण त्यात बीऐवजी इवल्या कुड्याच असतात. त्या लावल्या तर पुरता गड्डा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. बाकी सगळं कुडीपासून कुडी. तेव्हा हा आईच्या लसणाचा वंशज नव्हे हं. हाच तो. तोच देह."

त्याच वेळी मेधाने सहज विचारले, "बाबा, आईचा लसूण लावता ना अजून?"

मी म्हणालो, "आहे की."

सत्यं वद म्हणून वर्गावर्गातून सांगत आलेला मी! खरी गोष्ट अशी होती, की ती गेली त्या वर्षी दिवाळी आली आणि गेली. खुंटीवरच्या वेणीकडे मी पाहिलेही नाही. पुढल्या वर्षी जळमटे काढताना ती हाताला लागली. दाबून पाहिली तर सालीत नुसता वारा. मी ती केरात टाकली. वाळका लसूण, यापलीकडे त्यात काही टाकले असे मला वाटले नव्हते. आता आजोबांचे 'तोच देह' हे शब्द माझ्या कानांतून जाईनात.

वाफ्यावर मेपलची पाने आणि गवताचा पेंढा यांचा जाड थर घातला, आणि डिसेंबरात त्यावर हातभर बर्फ आले. मला वाटले, संपला हा लसूण. मेधा म्हणाली, "उलट, थंडी हवीच त्याला." कुडीने आधी मुळे धरायची, मग कित्येक आठवडे गारठ्यात पडून राहायचे, तेव्हा कुठे तिच्यात पुढे दांडा धरण्याचे आणि कुड्या पाडण्याचे बळ येते. थंडी न लागलेली कुडी पुष्कळदा एकच गोळा होऊन बसते. तिचे घरकुल होत नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळले आणि पेंढ्यातून हिरवी टोके वर आली. मी रोज सकाळी जाऊन ती मोजत असे. एकशे वीस लावल्या होत्या, एकशे सोळा उगवल्या.

जूनमध्ये दांड्यांनी वेटोळी घेतली आणि आजोबांनी फर्मावले, "मुंडकी उडवा." दांडा ठेवला तर झाडाचा जीव गोंड्यात जातो, कापला तर गड्डा भरतो. माझ्या हाती कात्री देऊन नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही विष्णू!" त्याला राहूची कथा मी हिवाळ्यात सांगितली होती. कापलेले दांडे टाकायचे नसतात. कोवळे असतील तर फरसबीसारखे चिरून त्यांची परतून भाजी होते. मी मात्र त्यांचा ठेचा केला. दांडे आणि हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतल्या, मीठ आणि दाण्याचे कूट घालून वाटीच्या बुडाने ठेचल्या. भाकरीचे पीठ मेधाने शोधून आणले होते. आजोबांना पाठवला. ते डोळ्यांत पाणी आणून आणखी मागायला आले.

खालची पाने वाळली, वरची हिरवी राहिली, की लसूण काढायचा. तो दिवस जुलैच्या मध्यावर आला. भिंतीवरच्या पंचांगात पाहतो तो १५ जुलै, कांदेनवमी! चातुर्मासापूर्वी कांदा-लसणाला निरोप द्यायचा दिवस; आणि आमच्या वाफ्यातून तो घरात येत होता. तिथी त्यांच्याकडे आदल्या दिवशी, रविवारीच लागत होती, असा मी शास्त्रार्थ काढला आणि रविवारी आम्ही तो काढला. ओढून नव्हे, बाजूने दाताळे घालून, माती सैल करून. ओला लसूण धुवायचा नसतो. दहा-दहाच्या जुड्या बांधून आडोशाला, वाऱ्यावर, उन्हाबाहेर तीनेक आठवडे टांगायचा. वेणी घालायला गेलो तर जमेना. ताठ मान वाकत नाही.

संध्याकाळी आजोबा आपल्या वाफ्यातला लसूण वाटणीला घालीत बसले होते. निम्मा एका बाजूला, निम्मा दुसऱ्या. दुसरा ढीग कोणाचा, असे मी विचारले. "मागेल त्याचा," ते म्हणाले. एका ओल्या वर्षी त्यांचा सगळा वाफा मुळाशी कुजला होता. पंचावन्न वर्षे जपलेला आईचा लसूण संपला, असे समजून त्यांनी अन्न टाकले. तिसऱ्या दिवशी चार घरे पलीकडची एक बाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. 'तुम्हीच दिला होता की मला!' तेव्हापासून त्यांनी नेम केला. "घरात ठेवलेला लसूण एका वर्षाचा," ते म्हणाले. "दिलेला लसूण कायमचा."

त्या रात्री जेवणात लसणाची चटणी होती. कुडी चिरली-ठेचली की तिच्यातली दोन द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते आणि लसणाचा खरा तिखटपणा त्याचा. म्हणून ठेचून पाचदहा मिनिटे ठेवावा आणि मग तव्यावर टाकावा, असे जावई सांगत होते. मेधा म्हणाली, "आई तसंच करायची. ठेचून ठेवायची आणि मग कुकर लावायची." आणि मला बोलावेच लागले.

"मेधा, आईचा लसूण राहिला नाही. माझ्या हातून गेला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. नातू आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. मग ती उठली, माझ्या पानात भाकरी वाढली आणि म्हणाली, "बाबा, आई सगळ्यांना वाटायची. आठवा बरं, कुणाकुणाला दिला होता."

ऑगस्टमध्ये परतताना आजोबांच्या लसणाच्या चार कुड्या खिशात टाकण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. मेधाने डोळे वटारले. परवान्याशिवाय असे बियाणे नेणे हा गुन्हा. आणि कुड्यांबरोबर रोग जातात ते वेगळेच. शिवाय वाईच्या हिवाळ्यात त्याला हवी तशी थंडी आणि पुढे लागणारे लांब दिवस कोठून मिळणार? आपल्या हवेला आपलेच वाण बरे. विकत घ्यायचे तर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे 'भीमा ओंकार', 'भीमा पर्पल' असे वाण आहेत. माझे एक विद्यार्थी ते लावतात आणि समाधानी आहेत. पण मला विकत घ्यायचा नव्हता.

मी घरे धुंडाळू लागलो. मेव्हण्याकडे गेलो, तिथे वाफ्यांच्या जागी ऊस उभा होता. हेडमास्तरांचे कुटुंब केव्हाच पुण्याला फ्लॅटात गेले. आणखी दोन घरी "होता खरा" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी आठवली शेवंताबाई. मेणवलीहून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला येई. अलीकडे थकल्यामुळे येत नव्हती. मी मेणवली गाठली. ती ओट्यावर बसली होती. मी चाचरत विषय काढला. ती उठली, आत गेली आणि आढ्याची वेणी काढून माझ्या पुढ्यात टाकली. लहान गड्डा, जांभळट साल.

"वैनींनी दिल्याला न्हवं का! ईस वर्सं झाली आसत्याल. म्या दरसाल लावती."

मी खिशात हात घातला. ती रागावली. "पैसं कशाचं? माझा हाय व्हय त्यो?"

घरी येऊन मी एक कुडी सोलली. नखे दुखली.

२०२४ ची भाऊबीज झाल्यावर मी माझ्या हातांनी दोन वाफे लावले. मोठ्या कुड्या मातीला, बारक्या मला. मार्च २०२५ मध्ये काढला. वेणी घालायला शेजारच्या नातीने शिकवले. निम्मा खुंटीला टांगला आणि निम्मा पाच घरी वाटला. कोणाला किती दिला, हे जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले आहे. शाळेतली हजेरी संपली, ही नवी लागली.

भाऊबीज झाली की यंदाही वाफे करायचे आहेत. कोणाला चार कुड्या हव्या असतील त्याने वाईला यावे. पैसे पडणार नाहीत. पिशवी मात्र ज्याची त्याने आणावी, आणि पुढल्या वर्षी निम्मा दुसऱ्या कोणाला तरी द्यावा.